नवरा नालासोपाऱ्यात, बायको गुहागरला: एकाला एचआयव्ही असताना दुसऱ्याला होऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा. नवरा नालासोपाऱ्याला खोली घेऊन राहतो. बायको, चार वर्षांची मुलगी आणि आईवडील गुहागर तालुक्यात गावी. जुलैच्या सुरुवातीला त्याने रक्तदान केलं. रक्तपेढीने बोलावून घेतलं, आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन करणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवलं आणि तिथे एचआयव्ही पॉझिटिव्ह निघाला. बायकोला त्याने लगेच सांगितलं. तिची त्याच आठवड्यात तपासणी झाली, ती निगेटिव्ह आली. मे महिन्याच्या मध्यावर तो गावी होता, त्यानंतर दोघांची भेट नाही. जुलैच्या मध्यापासून त्याच्या गोळ्या चालू आहेत. आता ऑगस्ट संपत आलाय आणि तो गणपतीला निघालाय. दोघं मिळून विचारतायत: तिला होऊ नये म्हणून काय करायचं, आणि दुसरं मूल होऊ शकतं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मनावरचं ओझं तेच असतं. होय, मूल होऊ शकतं, नेहमीच्या पद्धतीने होऊ शकतं, आणि आई व बाळ दोघंही निगेटिव्ह राहू शकतात. पण या गणपतीला नाही. पुढच्या गणपतीपर्यंत थांबायची तयारी ठेवा. ती का, हे खाली येईलच.

ताई, तुमची तपासणी अजून पुरी झालेली नाही. तुमचा शेवटचा संबंध मेच्या मध्यावर आणि तपासणी जुलैच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे मध्ये जेमतेम पन्नास दिवस. आयसीटीसीतल्या बोटाच्या किंवा शिरेच्या रक्तावरच्या झटपट चाचण्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात, आणि ती दिसायला काही जणांना तीन महिनेही लागतात. या मधल्या काळाला विंडो पिरियड म्हणतात. म्हणून शेवटच्या असुरक्षित संबंधापासून ९० दिवस झाल्यावरची निगेटिव्ह चाचणी पक्की धरायची. तुमचे ते दिवस ऑगस्टच्या मध्यावर पुरे झालेत, तेव्हा गणपतीआधीच ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत जाऊन या. चाचणी मोफत असते आणि निकाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती वाटत असेल, तर चिपळूणला किंवा रत्नागिरीला जा. आपल्याच तालुक्यात तपासायचं असं बंधन नाही. नंतर, यजमानांच्या रक्तातल्या विषाणूंचा आकडा (त्याबद्दल खाली सांगतो) खाली येऊन स्थिर होईपर्यंत दर तीन महिन्यांनी, आणि मग दर सहा महिन्यांनी तपासणी करत राहा.

इथे एक गैरसमज आधीच दूर करायला हवा, कारण जोडप्यांचा घात तोच करतो: ‘लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला झालं नाही, म्हणजे हिच्या अंगात ताकद आहे, आता होणार नाही.’ तसं काही नसतं. उपचार नसलेल्या पुरुषाकडून स्त्रीला एका वेळच्या योनिसंबंधात संसर्ग होण्याचं सरासरी प्रमाण दहा हजारांत आठ धरतात, स्त्रीकडून पुरुषाला दहा हजारांत चार. गुदसंबंधात घेणाऱ्या जोडीदाराला ते दहा हजारांत १३८ पर्यंत जातं. आकडे लहान दिसतात, पण ते दर वेळचे आणि सरासरीचे आहेत. संसर्ग नुकताच झालेला असताना रक्तात विषाणू प्रचंड असतात. दोघांपैकी कोणाला जननेंद्रियावर जखम किंवा गुप्तरोग असला, तर हे प्रमाण कितीतरी पटीने वाढतं. आजवर झालं नाही याचा अर्थ आजवर झालं नाही, एवढाच.

आता मूळ मुद्दा. जोडीदाराला संसर्ग होणार की नाही, हे मुख्यतः एका आकड्यावर ठरतं: पॉझिटिव्ह माणसाच्या रक्तातला व्हायरल लोड, म्हणजे एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत तो आकडा. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, नियमित चालू असली की तो घसरतो. ५० च्या खाली गेला, की यंत्राला विषाणू जवळजवळ सापडतच नाही, आणि तसा माणूस संबंधातून जोडीदाराला एचआयव्ही देत नाही. ‘कमी देतो’ असं नव्हे, ‘देत नाही’. हे दिलासा द्यायला म्हणत नाही. ‘एचपीटीएन ०५२’ नावाच्या संशोधनात नऊ देशांतली १७६३ जोडपी होती, त्यात आपल्या पुण्याचं आणि चेन्नईचंही केंद्र होतं. २०११ मध्ये त्याचा निकाल आला: लवकर एआरटी सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटला. पुढे युरोपातल्या ‘पार्टनर’ संशोधनात जोडप्यांनी कंडोमशिवाय ठेवलेले सुमारे ५८ हजार संबंध मोजले गेले. त्यांत पॉझिटिव्ह जोडीदाराचा व्हायरल लोड दबलेला होता, आणि जोडीदाराकडून झालेला संसर्ग एकही सापडला नाही.

आकडा ५० ते १००० च्या मध्ये असेल तर धोका शून्याच्या जवळ, पण अगदी शून्य म्हणता येत नाही. हजाराच्या वर गेला, की औषध चुकतंय किंवा लागू पडत नाहीये असं समजून एआरटी केंद्रात, जिथून या गोळ्या मिळतात तिथे, समुपदेशन वाढवतात आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. तोवर कंडोम.

तुमचं वेळापत्रक त्यावरून काढा. गोळ्या जुलैच्या मध्यावर सुरू झाल्या, म्हणजे पहिला व्हायरल लोड सहा महिन्यांनी, जानेवारीच्या मध्यावर. दुसरा बारा महिन्यांनी, पुढच्या जुलैत. नंतर वर्षातून एकदा. सरकारी एआरटी केंद्रात ही तपासणीही मोफत आहे, पण नमुना प्रयोगशाळेत जाऊन अहवाल यायला वेळ लागतो, तेव्हा तारीख आली की टाळाटाळ करू नका. आताच्या डोल्युटेग्राव्हिर असलेल्या गोळीने विषाणू झपाट्याने उतरतात, कित्येकांचे दोन-तीन महिन्यांतच. तरी मोजल्याशिवाय ते गृहीत धरायचं नाही. या गणपतीला तुमच्या गोळ्यांना दीडच महिना झालेला असेल आणि आकडा कागदावर नसेल. त्यामुळे या खेपेला प्रत्येक वेळी कंडोम, अपवाद नाही. जानेवारीचा अहवाल ५० च्या खाली आला, तर शिमग्याला कंडोम ठेवायचा की नाही यावर दोघांनी केंद्रातल्या डॉक्टरांसमोर बसून बोलावं. माझं मत विचाराल तर जुलैचा दुसरा अहवाल येईपर्यंत ठेवावा. मूल हवं असलेल्यांनी तर सहा महिने सलग दबलेला आकडा पाहूनच प्रयत्न सुरू करावेत.

अहवालावरचा आकडा ताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. ‘चांगला आलाय’ हे फोनवरचं वाक्य पुरत नाही. अविश्वास म्हणून नव्हे. मराठीत ‘रिपोर्ट चांगला आला’ याचा अर्थ वजन वाढलं, हिमोग्लोबिन वाढलं, सीडी-फोर वाढला, काहीही होऊ शकतो, आणि गल्लत तिथेच होते. सीडी-फोर अंगातली प्रतिकारशक्ती सांगतो, जोडीदाराचा धोका सांगत नाही. वाढायला हवा तो सीडी-फोर, उतरायला हवा तो व्हायरल लोड. अहवालाचा फोटो पाठवा, किंवा निदान एकदा दोघं मिळून केंद्रात जा.

चाकरमान्याच्या गोळ्या कुठे चुकतात

केंद्रातून मिळणारी गोळी बहुतेकांना एकच असते: टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०, दिवसातून एकदा, जेवणाआधी किंवा नंतर, पण रोज ठरल्या वेळी. एवढी सोपी गोळी चुकते ती औषधामुळे नाही, दोन घरांमुळे. नालासोपाऱ्याच्या खोलीत गाववाले चार-पाच जण एकत्र, गावच्या घरी सणाला वीस माणसं. गोळी कुठे ठेवायची आणि कोणासमोर घ्यायची, हा खरा प्रश्न असतो.

लपवण्यासाठी बरेच जण डबीवरचा कागद खरवडून काढतात किंवा गोळ्या प्लास्टिकच्या पुडीत भरतात. दोन्ही चूक. कागद गेला की मुदत संपायची तारीख आणि बॅच नंबर गेला. आणि डबीत ओल शोषणारी बारीक पुडी असते, ती कोकणच्या पावसात फार कामाची आहे. पिशवीत ठेवलेल्या गोळ्या श्रावण-भाद्रपदात सादळतात. डबी आहे तशी कापडी बटव्यात घाला, आत थोडा स्वच्छ कापूस ठेवा म्हणजे खुळखुळ वाजणार नाही, आणि ती खिडकीपासून व चुलीपासून लांब ठेवा. बोटीवरच्या खलाशांनी आणि तांडेलांनी ती घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, आपल्या कपड्यांच्या पिशवीत ठेवावी. बर्फाच्या खणाजवळ नको, इंजिनाजवळही नको.

वेळ अशी धरा की मुंबईत आणि गावी सारखीच पाळता येईल. रात्री दहाची वेळ रोज ठीक वाटते, पण गणपतीत त्याच वेळी भजन असतं, जाखडी असते, आणि गोळी राहते. सकाळी दात घासल्यावरची वेळ दोन्हीकडे तीच असते. घेतली की कालनिर्णयच्या त्या तारखेवर एक टिंब द्या. टिंब कशाचं, ते दुसऱ्याला कळायचं कारण नाही. ताईंनी रोज ‘घेतली का?’ विचारावं की नाही, हे दोघांनी आधी ठरवा. काही जोडप्यांत ते प्रेमाचं वाटतं, काहींत पोलिसासारखं. रविवारी एकदा आठवड्याची टिंबं सांगायची, एवढं पुष्कळांना जमतं.

एखाद दिवशी विसरलात तर आठवल्याबरोबर घ्या. दुसऱ्या गोळीची वेळ अगदी जवळ आली असेल तर सोडा, आणि दोन एकदम कधीही घेऊ नका. एका चुकलेल्या गोळीने आकडा लगेच उसळत नाही. पण गोळ्या बंदच केल्या, तर बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढलेले दिसतात, आणि अंगात काहीच जाणवत नाही. म्हणून नियम करा: सलग चार-पाच दिवस किंवा जास्त खंड पडला की जोडीदाराला सांगायचं, त्या दिवसापासून कंडोम पुन्हा सुरू, केंद्राला कळवायचं, आणि नवा आकडा येईपर्यंत जुन्या अहवालावर विसंबायचं नाही. खंड लपवला तर त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

आणि पाहा, हा खंड कधी पडतो? बहुधा घरी जायच्या आधीच. एसटीचं किंवा कोकण रेल्वेचं तिकीट मिळेल त्या दिवशी निघायचं, केंद्राची तारीख नेमकी चतुर्थीनंतरची, डबीत चार गोळ्या उरलेल्या. ‘आठ दिवसांनी परत येऊनच घेतो’ म्हणतात, मग गौरी-गणपती होतात, शेताची कामं निघतात आणि आठाचे पंधरा दिवस होतात. म्हणजे चार महिन्यांनी नवराबायको एकत्र येतात ते दिवस आणि गोळ्या संपतात ते दिवस एकच. दूर राहणाऱ्या जोडप्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी याच पंधरवड्याची वाटते. तेव्हा निघण्याच्या आधी गोळ्या मोजा: जितके दिवस गावी, अधिक दहा. कमी पडत असतील तर तारखेआधीच केंद्रात जाऊन सांगा, ते देतात. प्रकृती आणि आकडा स्थिर झाला की तीन महिन्यांची औषधंही एकदम मिळू शकतात, तशी विनंती करा. केंद्राने दिलेली पुस्तिका सोबत ठेवा. अडकलात तर जवळच्या दुसऱ्या एआरटी केंद्रात प्रवासातला रुग्ण म्हणून थोड्या दिवसांची औषधं मिळू शकतात. मुक्कामच हलवायचा असेल तर रीतसर बदली करून घ्या, म्हणजे कागद तुमच्यामागे येतात.

खलाशांचं वर्ष वेगळं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा दोन महिने घरी. बोटी पाण्यात उतरल्या की घरी येणं अधूनमधून. त्यांनी व्हायरल लोडची तारीख मेमध्ये पडेल अशी मागावी, म्हणजे बंदीचे दोन महिने ताजा आकडा हातात असतो.

गोळीशी भांडणारी काही औषधं आहेत. ॲसिडिटीची मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची पातळ औषधं, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरला आतड्यात शोषू देत नाहीत. आपली गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. क्षयाचं रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्राव्हिरची आणखी एक ५० ची गोळी बारा तासांनी द्यावी लागते. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोस डॉक्टर मर्यादेत ठेवतात. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की चालू गोळीचं नाव सांगायचंच. आणि ‘मुळापासून काढतो’ म्हणणाऱ्याचं औषध घ्यायला म्हणून एआरटी थांबवणं हा खंडच आहे, त्याला दुसरं नाव नाही.

कंडोमचं काय बिघडतं

कंडोम सांगितलं की माना डोलतात, आणि तरी फाटतो, निसटतो किंवा वापरलाच जात नाही. कोकणात फाटण्याचं एक कारण घराघरात असतं: खोबरेल तेल. चार महिन्यांनी भेट, धसमुसळेपणा, अंगावर पाजत असेल तर बाईला कोरडेपणा जास्त. मग हाताशी असतं ते तेल लावतात. लॅटेक्सला तेल लागलं की ते काही मिनिटांतच कमकुवत होतं. खोबरेल, व्हॅसलिन, लोणी, मालिशचं तेल, कोणतंही चालत नाही. औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती आणून ठेवा.

दुसरं कारण घाई आणि अंधार. सणाला घर भरलेलं, वेगळी खोली नाही, दिवा लावायचा नाही, मग पाकीट दाताने फाडतात. आधीच दोन कंडोम, जेली आणि छोटी बॅटरी उशाशी ठेवा. पाकिटावरची तारीख दिवसा पाहून घ्या. पाकीट दाबलं तर आत हवेचा फुगा जाणवला पाहिजे. जाणवला नाही तर ते फेका. कडेने हाताने फाडा. टोकाची हवा चिमटीत दाबून बाहेर काढा, ताठरता पूर्ण आल्यावर मुळापर्यंत उलगडा. उलट बाजूने लावला गेला तर तो परतून वापरू नका, नवीन घ्या. वीर्यपतनानंतर ताठरता जायच्या आत, मुळाशी धरून बाहेर या. निसटतो तो इथे, झोप लागल्यावर. दोन कंडोम एकावर एक घालू नका, घासून दोन्ही फाटतात. पाकीट पँटच्या खिशात किंवा दुचाकीच्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवलेलं असेल तर उष्णतेने ते कामातून गेलेलं असतं. वापरलेला कंडोम कागदात गुंडाळून घरातल्या पॅडच्या कचऱ्यासोबत पुरा किंवा जाळा. संडासात टाकू नका, परड्यात तर मुळीच नको, कुत्री ओढतात.

निरोध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो. पण बाईचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर घरात कंडोम दिसला की सासूबाईंना प्रश्न पडतो, ‘आता कशाला?’ याचं उत्तर दोघांचं एकच ठरलेलं असू दे. ‘डॉक्टरांनी अंगावरून जाण्याच्या त्रासासाठी सांगितलंय’ एवढं पुरतं. ऑपरेशन किंवा तांबी गर्भ थांबवते, विषाणू थांबवत नाही.

कंडोम फाटला आणि आकडा अजून खाली आलेला नसेल, तर ताईंनी बाहेरून साध्या पाण्याने धुवावं, आतून साबण-डेटॉलने धुऊ नये. त्याने नाजूक त्वचा सोलवटते आणि धोका वाढतो. मग पीईपी. ही अपघातानंतरची २८ दिवसांची गोळ्यांची मात्रा आहे. जितक्या लवकर तितकं बरं, काही तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. कोकणात ७२ तास पटकन सरतात: रात्रीची वेळ, दुसऱ्या दिवशी विसर्जन, तिसऱ्या दिवशी रविवार. म्हणून फाटल्यावर शोधाशोध नको. गावी जाण्यापूर्वीच १०९७ वर फोन करा (एड्स हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास) किंवा आपल्या केंद्रात विचारा, की गुहागरहून जवळ ही गोळी रात्री-अपरात्री कुठे मिळेल: उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत की थेट रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात? उत्तर लिहून ठेवा. यजमानांच्या डबीतल्या गोळ्या स्वतःच्या मनाने चालू करू नका. सुरू करताना ताईंची एचआयव्ही तपासणी, शिवाय मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी पाहावं लागतं.

यापेक्षा वेगळी ती प्रेप. निगेटिव्ह जोडीदाराने धोका होण्याआधीपासून रोज घ्यायची गोळी: टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिन. तुमच्यासारख्या जोडप्याला पहिल्या सहा महिन्यांसाठी, किंवा नवऱ्याच्या गोळ्यांत वरचेवर खंड पडत असेल तर, ती विचारात घेण्यासारखी आहे. स्त्रीला तिचं संरक्षण पहिल्या गोळीपासून मिळत नाही. किमान सात दिवस रोज घ्यावी लागते. काही मार्गदर्शिका २१ दिवस धरतात. म्हणजे चतुर्थीला नवरा येणार तर गोळी त्याच्या तीन आठवडे आधी सुरू हवी. दर तीन महिन्यांनी एचआयव्ही तपासणी, आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि हिपॅटायटिस बी. प्रत्येक सरकारी केंद्रात ती मिळेलच असं नाही, विचारून घ्या. नवऱ्याचा आकडा ५० खाली स्थिरावला की तिची गरज संपते.

जखम, फोड, लघवीत पू, दुर्गंधी असलेला पांढरा स्राव, ओटीपोटात दुखणं, यांपैकी काही असेल तर सरकारी रुग्णालयाच्या, गुप्तरोगांसाठी असलेल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये दोघांनी एकत्र जा. एकाने औषध घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर तोच रोग परत येतो.

बाकी घरात जगणं पूर्वीसारखंच. एक ताट, एक तांब्या, न्हाणीघर, डास, मुलीचे पापे, यातून काही होत नाही. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश तेवढे वेगळे.

‘आलं कुठून?’ हा प्रश्न घरात येणारच. तो दाबून टाका असं सांगणार नाही, पण त्याचं बोलणं आणि बचावाचं बोलणं वेगळं ठेवा. पुष्कळ घरांत ‘आलं कुठून’च्या भांडणात बचावाचा नियम मोडतो. बचावासाठी एवढंच लागतं: पुढे कोणाचाही बाहेर संबंध आला तर तिथे कंडोम, आणि जोडीदाराला सांगायचं. आकडा दबलेला असणं हे बाहेरून येणाऱ्या संसर्गाविरुद्ध ताईंचं कवच नाही. ज्यांनी अजून जोडीदाराला सांगितलेलंच नाही, त्यांनी एकट्याने धीर गोळा करत बसू नये, समुपदेशकासमोर सांगावं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय, आणि संसर्ग पुढे जाऊ नये म्हणून वाजवी काळजी घेणं हे पॉझिटिव्ह व्यक्तीचं कर्तव्यही सांगितलंय.

मूल हवं असताना

जानेवारी आणि जुलै, दोन्ही आकडे ५० खाली, मध्ये खंड नाही, दोघांना गुप्तरोग नाही: मग पुढच्या गणपतीपासून प्रयत्न करा. कंडोम रोज सोडायची गरज नाही. गर्भ राहतो ते दिवस पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधीचा दिवस आणि त्याच्या अलीकडचे पाच. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर नवव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत. ताईंनी आतापासून सहा महिने पाळीच्या तारखा लिहाव्यात, आणि यजमानांनी रजा त्याप्रमाणे टाकावी. सणालाच रजा मिळते आणि दिवस जुळत नाहीत, म्हणून पुष्कळांचं एकेक वर्ष जातं. राहिल्यावरही गरोदरपणात आणि पाजत असताना ताईंची तपासणी चालू ठेवा. याच काळात आईला नवा संसर्ग झाला तर तिच्या रक्तात विषाणू एकदम वाढतात आणि बाळाला धोका फार मोठा असतो. आकडा हलला तर कंडोम लगेच परत. आई निगेटिव्ह राहिली तर बापाकडून बाळाला थेट काही होत नाही.

हे वाचणाऱ्यांत उलट जोडपी असतील: बाई पॉझिटिव्ह, नवरा निगेटिव्ह. गरोदर बाईची तपासणी नेमाने होते, पुरुषाची होत नाही. त्यामुळे घरात पहिलं नाव तिचं येतं आणि ‘हिनेच आणलं’ असं ठरतं. आधी कोणाचं कळलं यावरून आधी कोणाला झालं हे कळत नाही. नवऱ्याने त्याच आठवड्यात तपासून घ्यावं. अशा जोडप्याला बाईचा आकडा खाली येईपर्यंत थांबणं जमत नसेल, तर कंडोममधलं किंवा वाटीतलं ताजं वीर्य सुई नसलेल्या स्वच्छ सिरिंजने योनीत सोडता येतं. नवऱ्याला धोका राहत नाही. पद्धत डॉक्टरांकडून एकदा समजून घ्या.

बाळंतपणाला पॉझिटिव्ह बाई माहेरी जाणार, तेव्हा सातव्या महिन्यातच माहेरच्या जवळचं केंद्र ठरवा, तिथे नाव द्या आणि प्रसूती रुग्णालयातच करा. काहीच उपाय केला नाही तर बाळाला संसर्ग व्हायचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. आई गोळ्या नीट घेत असेल आणि बाळाला औषध मिळालं तर ते पाच टक्क्यांच्या खाली, पुष्कळदा त्याहून बरंच खाली येतं. बाळाला जन्मल्याबरोबर पातळ औषध सुरू होतं, सहा आठवडे; आईचा आकडा जास्त असेल आणि अंगावर पाजत असेल तर दोन औषधं, बारा आठवडे. सहा महिने फक्त आईचं दूध. इथे माहेरच्या आजीला आधीच विश्वासात घ्यावं लागतं, कारण बाळगुटी, मध, साखरेचं पाणी, वरचं दूध हे सगळं प्रेमानेच चाटवलं जातं. अंगावरच्या दुधाबरोबर वरचं काही गेलं की बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. आजीला एचआयव्ही सांगायची गरज नाही. ‘डॉक्टरांनी सहा महिने पाणीसुद्धा नको म्हटलंय’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. बाळाची तपासणी सहा आठवड्यांनी, मग सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि शेवटची अठराव्या महिन्यात. सहा आठवड्यांची निगेटिव्ह आली की बरेच जण पुढच्या चुकवतात. पण बाळ पितंय तोवर उत्तर अजून लागायचं असतं. अठराव्या महिन्याची तारीख आईच्या पुस्तिकेवर आणि घरच्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे लिहून ठेवा.